मोटारीस मद्यार्क पाजतांना

शाळेच्या वार्षिकांत मद्यार्काविषयीं लेख पाहून कोणा पालकाच्या कपाळास आठ्या पडल्या असतील, तर त्यांनीं क्षणभर धीर धरावा. ह्या लेखांतील मद्यार्क माणसानें प्यावयाचा नसून मोटारीनें प्यावयाचा आहे. आणि कोणी तो चुकूनही तोंडास लावूं नये म्हणून कारखान्यांतूनच त्यांत न पिण्याजोगें द्रव्य मिसळून तो बाहेर काढितात. शिवाय हा विषय मीं शोधून काढिला नाहीं. तो माझ्या ओसरीवर आपण होऊन चालत आला.

२०२३ च्या नोव्हेंबरांत एके रविवारीं संध्याकाळीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. गृहस्थ ऊस पिकविणारे शेतकरी. मुलगा इंजिनियर होऊन अमेरिकेंत आयोवा राज्यांत नोकरीस आहे. तो त्या नाताळांत तीन वर्षांनीं घरीं यावयाचा होता. आतां येत नाहीं असें त्यानें कळविलें होतें. कारण त्याच्या मोटारीचें इंजिन निकामी झालें आणि तिकिटासाठीं ठेवलेला पैसा दुसरें इंजिन घालण्यांत गेला. नोकरीचें ठिकाण घरापासून चाळीस मैलांवर, वाटेंत आगगाडी नाहीं कीं एस. टी. नाहीं, मोटारीवांचून त्याचा एक दिवसही निभत नाहीं. वडिलांनीं पाण्याचा पेला खालीं ठेविला आणि विचारलें, "गुरुजी, पोरानं गाडीला दारू पाजली म्हणे, म्हणून इंजिन फुटलं. इथं तर आमच्याच मळीचा अर्क सरकार पेट्रोलात घालतंय. मग माझी फटफटीबी एक दिवस अशीच फुटायची का?"

हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. त्या दिवशीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें, ही खंत मनांत राहिली. पुढें त्या मुलाशीं बोलून, त्यानें पाठविलेले आंकडे पाहून आणि जुनीं पुस्तकें पुन्हां चाळून जें कळलें तें येथें मांडितों. वरच्या वर्गांतील मुलांनीं सोबत कागद व पेन्सिल घ्यावी, कारण मधूनमधून हिशेब आहेत आणि खरी गोष्ट त्या हिशेबांतच दडलेली आहे.

ज्याला आपण मद्यार्क म्हणतों त्याचें शास्त्रीय नांव इथेनॉल. आपल्याकडे तो पूर्वीं मुख्यतः उसाच्या मळीपासून व रसापासून काढीत, अलीकडे धान्यापासूनही काढितात. ब्राझील देशांत उसापासून. आणि आयोवा व त्याच्या शेजारच्या राज्यांत मक्यापासून. तेथील कांहीं पंपांवर साध्या पेट्रोलाशेजारीं 'ई ८५' अशी पाटी असलेली एक नळी असते. नांवावरून त्यांत शेंकडा ८५ भाग इथेनॉल असावें असें वाटतें. वस्तुतः तेथील नियमाप्रमाणें हें प्रमाण ऋतुमानानुसार शेंकडा ५१ पासून ८३ पर्यंत कमीजास्त ठेवण्याची मुभा आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती उपयोगी पडेल.

आमच्या विद्यार्थ्याची गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरांची, टर्बोचार्जर बसविलेली जपानी मोटार होती, मूळचीच चपळ. तरुण माणसास चपळ गाडी मिळाली कीं ती आणखी चपळ व्हावी असें वाटूं लागतें. आमच्या लहानपणीं आम्ही सायकलीचे मडगार्ड काढून टाकीत असूं. त्यांतलाच हा प्रकार, मात्र खर्च मोठा. त्याच्या मित्रमंडळींत कित्येकांनीं आपल्या गाड्या ह्या मद्यार्की इंधनावर चालवून इंजिनाची शक्ति वाढविली होती. त्यानेंही २०२३ च्या जूनमध्यें तोच मार्ग धरिला.

आतां पहिला गैरसमज. मद्यार्क जहाल, सबब त्यांत शक्ति अधिक, असें पुष्कळांस वाटतें. तें अगदीं उलट आहे. एक किलो पेट्रोल जळलें कीं सुमारें ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलो इथेनॉल जळलें कीं सुमारें २७. लिटराच्या मापानें पाहिलें तर ३२ च्या जागीं २१. म्हणजे मद्यार्क हें दुबळें इंधन आहे. कारण उघड आहे. त्याच्या रेणूंत ऑक्सिजनचा एक अणु आधींच येऊन बसलेला असतो. जणूं लाकूड थोडेंसें जळून गेल्यावर मग तें चुलींत घालावें.

मग दुबळ्या इंधनावर इंजिन सबळ कसें होतें? येथें हिशेब करूं. इथेनॉलच्या एका रेणूंत कार्बनाचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणु, रेणुभार ४६. तो पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे ३ रेणू, म्हणजे ९६ भार ऑक्सिजन, लागतो. हवेंत वजनानें ऑक्सिजन शेंकडा सुमारें २३.२ असतो, तेव्हां ९६ भार ऑक्सिजनसाठीं सुमारें ४१४ भार हवा घ्यावी लागते. ४१४ ला ४६ नीं भागिलें म्हणजे ९ येतात. एक किलो इथेनॉलास नऊ किलो हवा पुरते. पेट्रोल हें अनेक द्रव्यांचें मिश्रण असल्यामुळें त्याचा आंकडा प्रयोगानेंच ठरवावा लागतो, आणि तो सुमारें १४.७ आहे.

इंजिन हें मूळांत हवा ओढणारें यंत्र आहे. त्याचे सिलिंडर ठराविक आकाराचे. एका घासांत त्यांत हवा मावेल तितकीच मावणार. तेव्हां प्रश्न 'एक किलो इंधन किती उष्णता देतें' असा विचारूं नये; 'एक किलो हवेबरोबर जळणारें इंधन किती उष्णता देतें' असा विचारावा. पेट्रोलाचे ४३ भागिले १४.७, म्हणजे २.९. इथेनॉलचे २७ भागिले ९, म्हणजे ३. दोन्ही जवळजवळ सारखेच! हवेच्या प्रत्येक घासाला मद्यार्क दीडपटीहून अधिक लागतो, पण उष्णता तेवढीच निघते. तर मग लाभ कोठें आहे? तो आहे इंजिन सोसूं शकेल त्या दाबांत.

घाटांत वरच्या गिअरमध्येंच जुनी फटफटी रेटली तर पत्र्याच्या डब्यांत खडे हलविल्यासारखा आवाज येतो, तो पुष्कळांनीं ऐकला असेल. ह्यास मिस्त्री लोक नॉकिंग म्हणतात. नेहमींच्या ज्वलनांत ठिणगी पडते, तेथून ज्योत पसरत जाते आणि तिच्यामुळें वाढलेला दाब पिस्टनला खालीं ढकलतो. परंतु दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेलीं, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांत उरलेलें मिश्रण आपोआप व एकदम पेट घेतें. त्या आघाताच्या लाटा पिस्टनवर हातोडीप्रमाणें आपटतात. क्षणभर झालें तर इंजिन सोसतें. जोर लावलेला असतां तें चालूच राहिलें, तर पिस्टनच्या कडा तुटतात.

शक्ति वाढवावयाची म्हणजे सिलिंडरांत अधिक हवा कोंबावयाची. आणि हवा कोंबली कीं हा राक्षस जवळ येतो. इंग्रज इंजिनियर हॅरी रिकार्डो ह्यांनीं पहिल्या महायुद्धानंतर, चालतें ठेवूनच ज्याचा दाब कमीजास्त करतां येतो असें एक इंजिन तयार करून त्यावर नाना प्रकारचीं इंधनें पारखून पाहिलीं. नॉकिंग न होतां इंधन किती दाब सोसतें हें मोजण्याच्या आजच्या मापास ऑक्टेन अंक म्हणतात. आपल्याकडील साध्या पेट्रोलाचा हा अंक पुष्कळ दिवस ९१ होता. इथेनॉलचा सुमारें १०८ आहे. मद्यार्काचा हा गुण शंभर वर्षांपूर्वींही ठाऊक होता. परंतु १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली ह्यांनीं शिशाचें एक संयुग चिमूटभर मिसळून तेंच काम स्वस्तांत करून दाखविलें, आणि जगानें स्वस्ताचा मार्ग पत्करला. तें शिसें धुरावाटे लहान मुलांच्या रक्तांत जात राहिलें. भारतांत शिशाचें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. साऱ्या जगांत मोटारींसाठीं तें बंद होण्यास २०२१ साल उजाडावें लागलें. विज्ञानाच्या इतिहासांत इतकी महाग स्वस्ताई मला दुसरी फारशी आठवत नाहीं.

मद्यार्काचा दुसरा गुण तर तुम्हीं हातावर अनुभविला आहे. सुई टोंचण्यापूर्वीं नर्सबाई स्पिरिटचा बोळा फिरवितात, तेव्हां कातडीस गार लागतें. कारण द्रवाची वाफ होतांना ती जवळपासची उष्णता ओढून घेते. एक किलो इथेनॉलची वाफ होण्यास सुमारें ८४० किलोज्यूल उष्णता लागते. पेट्रोलास सुमारें ३५०. ह्यांतही पुन्हां हवेचा हिशेब धरा. ८४० भागिले ९ म्हणजे ९३. ३५० भागिले १४.७ म्हणजे २४. हवेच्या त्याच घासाला मद्यार्क जवळजवळ चौपट गारवा देतो. ही सर्व उष्णता हवेंतूनच निघाली असती, तर हवा नव्वद अंशांच्या आसपास थंड झाली असती. प्रत्यक्षांत कांहीं वाफ सिलिंडरच्या भिंतींची उष्णता घेते, कांहीं उशिरा होते, त्यामुळें फरक पुष्कळ कमी पडतो. तरी जो पडतो तो नॉकिंग दूर ठेवण्यास फार उपयोगी असतो.

स्वीडनमधील कोनिगसेग कंपनीच्या दोन मोटारी हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. तिच्या सी. सी. एक्स. ह्या मोटारीचें ४.७ लिटरचें इंजिन पेट्रोलावर ८०६ अश्वशक्ति देई. २००७ सालीं तेंच इंजिन ई ८५ साठीं सुधारून सी. सी. एक्स. आर. ह्या मोटारींत घातलें, तेव्हां १०१८ अश्वशक्ति मिळाली. शेंकडा २६ ची वाढ. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथील प्रसिद्ध शर्यतींतही मद्यार्कच जळतो, पण तेथें त्याचें मूळ कारण निराळें. १९६४ च्या शर्यतींत पेट्रोलाच्या आगींत एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनल्ड हे दोन शर्यतपटू दगावले. त्यानंतर पेट्रोल सोडून मिथेनॉल हा दुसरा मद्यार्क आला, कारण त्याची आग पाण्यानें विझते. २००७ पासून त्याची जागा इथेनॉलनें घेतली.

परंतु शर्यतीची मोटार रविवारीं धांवते आणि सोमवारीं तिचें इंजिन उघडून पाहण्यास दहा माणसें उभीं असतात. रोज सकाळीं सात वाजतां कचेरीस न्यावयाची मोटार ही वेगळी वस्तु आहे. तिनें धांवलें पाहिजे, आणि त्याहीपूर्वीं ती सुरू झाली पाहिजे.

आतां त्या मुलानें काय केलें तें पाहूं. त्याच्या गाडींत टर्बोचार्जर मूळचाच होता. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें आणि त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र हवा दाबून सिलिंडरांत भरतें. मूळ गाडींत हा वाढीव दाब वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे एकूण दुप्पट, होता असें हिशेबापुरतें धरूं. मद्यार्कामुळें नॉकिंगची भीति दूर झाली, म्हणून त्यानें एकूण दाब २ ऐवजीं २.४ केला. हवा शेंकडा २० नीं वाढली. शक्तीही सुमारें तितकीच वाढावयाची. शिवाय ठिणगी थोडी आधीं पाडतां येते, त्याचाही लाभ होतो.

ह्या हवेस इंधन किती लागेल? चार धांवांचें दोन लिटरचें इंजिन दोन फेऱ्यांत दोन लिटर हवा घेतें. मिनिटास ६००० फेऱ्या असतां ६००० लिटर. दाब दुप्पट असला तर वातावरणाच्या मापानें १२००० लिटर. एक लिटर हवेचें वजन सुमारें १.२ ग्रॅम, म्हणून सेकंदास २४० ग्रॅम हवा. १४.७ नीं भागून व पेट्रोलाची घनता ०.७४ धरून मिनिटास सुमारें १.३ लिटर पेट्रोल लागतें. आतां दाब २.४ करा, हवा सेकंदास २८८ ग्रॅम होते. ई ८५ मध्यें थोडें पेट्रोल असल्यामुळें त्याचा आंकडा ९ ऐवजीं सुमारें ९.८ आणि घनता ०.७८. उत्तर येतें मिनिटास सुमारें २.२६ लिटर. पूर्ण जोर लावतांना मिश्रण याहूनही थोडें दाट ठेवावें लागतें, तें सध्यां सोडून देऊं. हवा वाढली फक्त शेंकडा २०. इंधनाची भूक वाढली शेंकडा ७० हून अधिक!

त्या मुलानें इंजेक्टर बदलले. इंजेक्टर म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठीं इंधनाचा फवारा सोडणारी बारीक तोटी; ती मोठी घातली. संगणकांतील तक्ते, म्हणजे किती हवेस किती इंधन व ठिणगी केव्हां, तेही नव्यानें भरून घेतले. रबरी नळ्या मद्यार्कानें फुगतात व ठिसूळ होतात, म्हणून त्या मद्यार्क सोसणाऱ्या बनावटीच्या घातल्या. राहिला टाकींतील पंप. काम करणाऱ्या मिस्त्र्यानें तोही बदलावा असें स्पष्ट सांगितलें होतें. ह्यानें नको म्हटलें. जुना पंप चांगला चालतो आहे, पुढच्या महिन्यांत पाहूं, असें म्हणाला. ही कबुली त्याची स्वतःची आहे, आणि ती लिहिण्यास त्यानें मला परवानगी दिली आहे.

वडिलांस हें समजाविण्यास मला फार वेळ लागला नाहीं. "ठिबकाच्या नळ्या मोठ्या घातल्या," मी म्हणालों, "तोट्या मोठ्या केल्या, पण विहिरीवरची मोटर तीच ठेवली, तर काय होईल?" ते लगेच म्हणाले, "शेवटच्या सऱ्या वाळतील." नेमकें तेंच झालें. गांवांत हळू चालवितांना पंप पुरत होता. थोडा वेळ जोर लावून घेतलेल्या परीक्षेंतही बिंग फुटलें नाहीं. सप्टेंबरांत एका रात्रीं कामावरून परततांना महामार्गावर चढण लागली, पुढें मोठी मालमोटार होती, आणि त्यानें तिला मागें टाकण्यासाठीं पायाखालची पट्टी तळापर्यंत दाबून धरिली. नळींतील दाब उतरला. संगणक तोट्या पुरेशा वेळ उघडत होता. पण तोट्यांतून येत होतें तें कमी होतें. हवा पूर्ण आणि इंधन अपुरें, असें विरळ मिश्रण झालें. मद्यार्काचा सारा गारवा त्याच्या भरपूर प्रमाणावर अवलंबून. तें प्रमाणच घटलें तेव्हां उष्णता चढली, आणि जो राक्षस दूर राहील असें धरून दाब वाढविला होता तो आंत शिरला. दहाबारा सेकंदांचा खेळ. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची, दोन रिंगांमधील कड तुटली. मागें निळा धूर दिसूं लागला. पंपाची किंमत विमानाच्या तिकिटाच्या दशांशाइतकीही नव्हती.

तेव्हां वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं इंजिन मद्यार्कानें फुटलें नाहीं. मद्यार्क पुरेसा न मिळाल्यानें फुटलें. हें ऐकून ते थोडे हंसले. मग बराच वेळ बोलले नाहींत. घरीं त्याची आई नाताळच्या फराळाची तयारी करून बसली होती, तें मला ठाऊक होतें.

२०२४ च्या वसंतऋतूंत त्यानें तीच गाडी पुन्हां उभी केली, तेव्हां मीं त्याला विचारलें कीं, पुन्हां हाच नाद कशाला? त्याचें उत्तर मला थोडेंसें पटलें. इंजेक्टर होते, नळ्या होत्या, आणि चूक कोठें झाली तें आतां कळलें होतें. ह्या खेपेस त्यानें पंप आधीं घातला. नळींतील दाब सतत पाहून तो उतरतांच संगणकानें हवेचा वाढीव दाब आपण होऊन कमी करावा अशी व्यवस्था केली. आणि एकूण दाब २.४ चा २.२ वर आणला. शक्तीचा थोडा लोभ सोडला, असें तो म्हणाला. माझ्या मतें ही दुरुस्ती बाकी सर्वांहून मोलाची.

रोजच्या वापराच्या अडचणी मात्र पंपानें सुटत नाहींत. आयोवाची थंडी आपल्या कल्पनेपलीकडची. शून्याखालीं वीस अंश तेथें नवल नाहीं. द्रवाची पेटण्याजोगी वाफ ज्या उष्णतेस होऊं लागते, ती मर्यादा पेट्रोलाच्या बाबतींत शून्याखालीं चाळीस अंशांच्या आसपास आहे, तर शुद्ध इथेनॉलच्या बाबतींत शून्यावर तेरा-चौदा. म्हणजे हिंवाळ्यांत निव्वळ मद्यार्कावर ठिणगी पडत राहील आणि इंजिन मुकाट्यानें नुसतें फिरत राहील. ब्राझीलमध्यें १९७९ सालीं मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ निघाली. तेथील अशा गाड्यांत केवळ सुरू करण्यापुरतें पेट्रोल ठेवण्यास एक लहानशी वेगळी टाकी पुष्कळ वर्षें असे. अमेरिकेंत दुसरी युक्ति करितात. हिंवाळ्यांत पंपावरच्या मिश्रणांत पेट्रोलाचा अंश वाढवितात. वर सांगितलेल्या ५१ ते ८३ ह्या मुभेचें कारण हेंच.

ह्यांतून एक नवाच घोटाळा उभा राहतो. उन्हाळ्यांत शेंकडा ८३ च्या हिशेबानें तक्ते भरले आणि डिसेंबरांत टाकींत ६५ चें मिश्रण आलें, तर सगळेंच चुकतें. आणि प्रवासांत ई ८५ न मिळाल्यानें अर्धी टाकी साध्या पेट्रोलानें भरली तर विचारावयासच नको. म्हणून रोजच्या गाडींत इंधनाच्या नळीवर एक पारखणारें यंत्र बसवावें लागतें. त्याचें तत्त्व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. दोन धातूंच्या पत्र्यांमध्यें कोणता पदार्थ आहे, त्यावर त्यांची विजेचा सांठा धरण्याची शक्ति ठरते. हा गुणांक पेट्रोलाचा सुमारें २, इथेनॉलचा सुमारें २५ आणि पाण्याचा ८०. इतका मोठा फरक असल्यामुळें मिश्रणांतील मद्यार्क ओळखणें सोपें जातें. सर्रास वापरांत असलेलें असें एक यंत्र संगणकास विजेचे ठोके पाठवितें. मद्यार्क मुळींच नसला तर सेकंदास ५०, निव्वळ मद्यार्क असला तर १५०. मधल्या प्रत्येक टक्क्यास एक ठोका. ही सरळ रेषेची सोय ज्यानें योजिली त्यानें शाळामास्तरांवर उपकारच केले आहेत. संगणक हे ठोके मोजतो आणि त्याप्रमाणें इंधन, ठिणगी व हवेचा दाब तिन्ही बदलतो.

बाकीच्या गोष्टी लहान, पण रोजच्या. एका टाकींत गाडी पूर्वींच्या सुमारें पाऊणपट अंतर जाते. थंडींत थोडें थोडें अंतर चालविल्यास न जळलेला मद्यार्क व पाणी तेलांत उतरतें. म्हणून तेल लवकर बदलावें लागतें. मद्यार्क हवेंतील ओलावा शोषितो आणि कांहीं धातूंस गंजवितो. तेव्हां गाडी महिनोन् महिने उभी ठेवूं नये. आणि कायदा हा आहेच. अमेरिकेंत धुराच्या प्रमाणपत्रास बाधा येईल असा फेरफार करणें गुन्हा ठरतें. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखानदारानें दिलेल्या मूळ बनावटींत परवानगीवांचून बदल करतां येत नाहीं. गल्लींतल्या गॅरेजांत 'चिप मारून' देणाऱ्यांच्या पाट्या पाहून जीं मुलें पाघळतात, त्यांनीं हें घरीं वडिलांस विचारण्यापूर्वींच जाणून असावें.

आतां फटफटीचा प्रश्न. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा २० पर्यंत पोंचलें. लिटरांतील उष्णतेचा वरचाच हिशेब घ्या. इथेनॉल पेट्रोलाच्या दोन-तृतीयांश. तें पंचमांश मिसळलें तर एका लिटरामागें उष्णता निव्वळ पेट्रोलाहून शेंकडा सहा-सात कमी. तेवढा किंवा त्याहून थोडा कमी फटका अंतरांत बसणें स्वाभाविक आहे, आणि 'गाडी पूर्वीइतकी ओढत नाहीं' म्हणणारा शेतकरी खोटें बोलत नसतो. ऑक्टेन अंक मात्र वाढतो. पण ज्या इंजिनाचा दाब वाढविलेला नाहीं त्यास त्या वाढीव अंकाचा उपयोग थोडा. देशांत २०२३ पासून नव्या गाड्यांच्या नळ्या व वायसर ह्या मिश्रणास सोसणाऱ्या करण्यांत आल्या. त्यापूर्वींच्या गाड्यांत रबराचे भाग थोडे आधीं तपासावे व बदलावे, हें बरें. त्यांची फटफटी पंधरा वर्षांची. मीं त्यांना कार्ब्युरेटरची रबरी नळी व वायसर पाहून घ्यावयास सांगितलें. ती फुटणार नाहीं. कारण तिच्यांत कोणीं हवा कोंबलेली नाहीं. मिस्त्र्यानें दोन वायसर बदलले आणि चार-पाचशें रुपये घेतले.

२०२४ च्या नाताळांत मुलगा आला. तीन आठवडे राहिला, शाळेंतही येऊन गेला आणि आमच्या प्रयोगशाळेंतील जुन्या इंजिनाच्या छेदाकृतीशीं मुलांना घेऊन तासभर बोलला. परत गेल्यावर जानेवारींत त्यानें वडिलांस फोनवर एक छायाचित्र पाठविलें. बाहेर बर्फ, आणि गाडीच्या पुढच्या फळीवर एका लहान पडद्यावर १२१ हा आंकडा. ते फोन घेऊन मजकडे आले. मी म्हणालों, १२१ मधून ५० वजा करा, राहिले ७१. म्हणजे टाकींत शेंकडा ७१ मद्यार्क, हिंवाळ्याचें मिश्रण.

"तें असूं द्या," ते म्हणाले, "पण सकाळी सुरू होते ना?"

खालीं त्यानेंच एक ओळ लिहिली होती, ती मीं त्यांना वाचून दाखविली. शून्याखालीं अठरा अंश होते. तिसऱ्या खेपेस सुरू झाली.